आठे शे मी

माझ्या हातात बंदूक नाही, नळी आहे.
तिच्यातला उजेड ज्याच्या पाठीवर पडतो
त्याची जखम भरते.
म्हणून अख्ख्या सामन्यात मी फक्त पाठी बघते.
शत्रूचं तोंड क्वचित,
आणि दिसलं तर बहुधा उशीर झालेला असतो.

सगळ्यात रुंद पाठ तौसीफची.
पडद्यावर तो तोफ घेतलेला धिप्पाड गडी,
खुर्चीत अठ्ठेचाळीस किलोचा पिंजाऱ्याचा पोरगा,
भुवयांवर अजून गादीचा कापूस.
हळू चालतो. कोपरा आला की थांबतो, विचारतो,
"डॉक्टर, कोठे शेस?"
मी म्हणते, "आठे शे मी."
मगच वळतो.

भटू इंजिनियर. पॉलिटेक्निकला दोनदा राहिला,
पण त्याची मशीनगन कुठं मांडावी हे त्यालाच कळतं.
दारासमोर नाही. दाराच्या आत, उजव्या भिंतीला,
आलेला माणूस चार पावलं पुढं गेल्यावर दिसेल अशी.
"दार राखाचं नसतं," म्हणतो,
"आत आला तो राखाचा."

गुलसिंग पावरा वर, गच्चीत, दुर्बिणीला डोळा.
चोपड्याहून होस्टेलला आलाय, दिवसाला दहा शब्द बोलतो,
त्यातले सहा आकडे.

आणि लोकेश. पळणारा.
सगळ्यात जास्त बळी त्याचे, सगळ्यात जास्त ओरडा त्याचा,
"डॉक्टर! डॉक्टर! मरी ऱ्हायनू ना मी!"
मी वळत नाही.
पळत्याला पाणी पाजता येत नाही,
आणि माझी नळी एकच आहे.
यावरून आम्ही तीन दिवस बोललो नव्हतो.

धुळ्याच्या टीमकडं एक हेर आहे.
तो आमच्यातल्याच कुणाचं तरी तोंड लावून येतो.
म्हणून भेटलो की आधी एकमेकांवर गोळी झाडायची.
आपल्याची लागत नाही.
ही पद्धत खाली रस्त्यावर चालत नाही.

मे महिना, अमळनेर,
बियाण्याच्या दुकानावरचं नेट कॅफे,
कूलरमधून येतो तो वारा की वाफ, कळत नाही.
शेवटचा पॉइंट आमच्याकडं. एक मिनिट चाळीस सेकंद.
आणि लाईट गेली.

हिंमतभाऊ जिन्यातून ओरडले,
"इन्व्हर्टर चारच मशीन धरी! एक बंद करा, नाहीतर सगळं जाईल!"
कुणी काही बोललं नाही.
हिशेब सोपा होता: सगळ्यात वाईट नेम माझा.
मी माऊसवरचा हात काढला.
तेवढ्यात लोकेशनं खाली वाकून
स्वतःचीच पिन उपटली.

माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला.
त्याच्या शर्टाला घामाचा आणि चुन्याचा वास.
थोडा वेळ गप्प.
मग हळूच, "तुले इतलं दिसस?"
"हां."
"मी दिसे का?"
"दिसायचास. लहान होत जाताना."

मग तो बोलायला लागला, ओरडायला नाही.
जिनाखाल एक. पाण्याच्या टाकीमांगे दोन.
भटू, तुझी मशीन जाई, जाऊ दे, दुसरी मांड.
गुलसिंग म्हणाला, "सतरा सेकंद."
आता, म्हणाला लोकेश. मी सांभाळून ठेवलेलं सगळं सोडलं,
आठ सेकंद तौसीफला काहीच लागत नव्हतं,
गोळ्या त्याच्यावर नुसत्या वाजत होत्या,
आणि तो पहिल्यांदाच न विचारता कोपऱ्यावरून वळला.

नऊ सेकंद उरले तेव्हा इन्व्हर्टरही बसला.

धुळ्याहून फोन आला, आम्ही जिंकलो, तुम्ही पळालात.
भटू भांडणार होता. लोकेशनं फोन घेतला,
"हो रे भो, शेवभाजी आमनाकडे," म्हणाला, आणि ठेवला.

जिन्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.
एकामागे एक उतरलो.
सवयीनं मी शेवटी, पाठी मोजत.
चार.